गोला जंगलाचे कार्बन क्रेडिट: टनाचा हिशेब आणि शांततेचा दावा

सिएरा लिओनच्या पूर्व टोकाला, लायबेरियाच्या सीमेला खेटून असलेल्या गोला वर्षावनाचे कार्बन क्रेडिट आज कोणालाही घरबसल्या विकत घेता येते. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. जंगल तुटले असते तर तो हवेत गेला असता, जंगल राखले म्हणून गेला नाही, असा त्यामागचा दावा असतो. विमानाने वारंवार प्रवास करणारी कुटुंबे, निर्यातदार कंपन्या आणि मोठ्या परिषदा भरवणाऱ्या संस्था अशी क्रेडिट घेतात आणि आपल्या उत्सर्जनाच्या हिशेबातून तेवढे टन वजा करतात. परदेशात स्थायिक झालेल्या मुलांकडे ये-जा करणाऱ्या मराठी घरांतही हा विषय आता निघू लागला आहे. आमच्याकडेही तो तसाच निघाला आणि मी गोलाचे क्रेडिट घेतले. मात्र ते घेताना माझे लक्ष टनापेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे होते. ज्या मध्यस्थ विक्रेत्याकडून ते घेतले, त्याच्या माहितीत हवामान, वन्यजीव आणि गावांचा विकास यांच्या जोडीला चौथा लाभ नोंदवला होता, तो म्हणजे युद्धातून सावरणाऱ्या प्रदेशातील शांतता. हा चौथा लाभ प्रत्यक्षात कितपत पदरात पडतो, हे तपासण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

गोलाच्या बाबतीत शांततेचा उल्लेख केवळ जाहिरातीपुरता नाही, हे आधी मान्य करायला हवे. २३ मार्च १९९१ रोजी लायबेरियातून शिरलेल्या बंडखोरांनी कैलाहुन जिल्ह्यातील बोमारू या गावावर हल्ला केला आणि २००२ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धाला तोंड फुटले. गोलाचे जंगल कैलाहुन, केनेमा आणि पुजेहुन या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे, म्हणजे युद्ध ज्या वाटेने देशात आले त्याच वाटेवर ते आहे. कैलाहुन हे नाव काही भारतीय वाचकांच्या स्मरणात असेल. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय गोरखा तुकड्यांना २००० साली बंडखोरांनी तिथेच वेढून ठेवले होते आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात ‘ऑपरेशन खुकरी’ ही मोहीम काढून त्यांची सुटका करण्यात आली. या युद्धाचा खर्च मोठ्या प्रमाणात हिऱ्यांतून निघाला, आणि त्यांपैकी टोंगोच्या खाणी केनेमा जिल्ह्यातच आहेत. सीमेपलीकडे लायबेरियात तर जंगलातले लाकूडच शस्त्रखरेदीचे साधन झाले होते. त्यामुळे सुरक्षा परिषदेने २००३ मध्ये लायबेरियाच्या लाकडावर बंदी घातली, ती २००६ मध्ये उठली. ज्या मुलखात जमिनीखालची आणि जमिनीवरची संपत्ती बंदुकीच्या जोरावर विकली गेली, तिथे जंगल उभे ठेवून कायदेशीर उत्पन्न मिळवता येणे ही साधी गोष्ट नाही.

युद्ध संपल्यावर २००९ मध्ये सिएरा लिओन आणि लायबेरिया या दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी गोलाच्या दोन्ही बाजूंचे जंगल जोडून सीमापार शांतता उद्यान उभारण्याचा संकल्प जाहीर केला. सिएरा लिओनच्या बाजूचे सुमारे ७१ हजार हेक्टर जंगल २०११ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून खुले झाले. लायबेरियाच्या बाजूचे उद्यान व्हायला २०१६ उजाडले. कार्बन प्रकल्पाची सुरुवात २०१२ ची आहे. सिएरा लिओन सरकार, त्या देशातील पर्यावरणसंस्था कॉन्झर्वेशन सोसायटी ऑफ सिएरा लिओन आणि ब्रिटनमधील पक्षिसंरक्षण संस्था आरएसपीबी यांनी मिळून तो उभा केला. उद्यानाला वेढून सात चीफडम आहेत. चीफडम म्हणजे पारंपरिक प्रमुखाच्या अखत्यारीतला मुलूख. या प्रमुखाला तिथे पॅरामाउंट चीफ म्हणतात. प्रकल्पाचे करार या सातही चीफडमशी झालेले आहेत. या रचनेकडे पुढे परत यावे लागेल, कारण या वस्तूचे बलस्थान आणि तिची सर्वांत मोठी उणीव दोन्ही तिच्यातच आहेत.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. पैसे भरल्यावर एक रंगीत प्रमाणपत्र येते. त्यावर जंगलाचे छायाचित्र, खरेदीदाराचे नाव आणि टनांची संख्या असते. या प्रमाणपत्राला माझ्या लेखी फारसे मोल नाही. खरे मोल आहे ते व्हेरा या प्रमाणन संस्थेच्या नोंदवहीतील अनुक्रमांकाला. तो लांबलचक असतो आणि पहिल्या नजरेला अर्थहीन वाटतो, पण तुकडे पाडून वाचला तर बरेच सांगतो. सुरुवातीचे मोठे आकडे म्हणजे तुमच्या क्रेडिटचा पहिला आणि शेवटचा क्रमांक. पुढे देशासाठी दोन अक्षरे येतात, सिएरा लिओनसाठी ‘एसएल’. त्यानंतरचा १४ हा आकडा शेती, वने आणि जमीनवापर या क्षेत्राचा आहे, तर १२०१ हा गोला प्रकल्पाचा क्रमांक आहे. शेवटी दोन तारखा असतात, ज्या कालावधीत ही उत्सर्जनबचत झाल्याचे मोजले गेले त्याची सुरुवात आणि अखेर. खरेदीनंतर हे क्रेडिट नोंदवहीत कायमचे बाद केले गेले पाहिजे, म्हणजे ते पुन्हा कोणाला विकता येत नाही. नोंदवही सर्वांसाठी खुली असल्याने हे स्वतः पाहता येते, आणि प्रत्येकाने पाहावे.

माझ्या विक्रेत्याने हा क्रमांक आपणहून दिला नाही, मागावा लागला. मागितल्यावर दिला आणि नोंदही बिनचूक निघाली, त्यामुळे फसवणुकीची तक्रार करता येणार नाही. तक्रार आहे ती किमतीविषयी. मी दिलेल्या पैशांपैकी मध्यस्थाचे किती, तपासणी करणाऱ्या कंपनीचे आणि नोंदणीचे किती, उद्यानाच्या व्यवस्थापनाला किती आणि गावांच्या हाती किती, हा तपशील विचारूनही मिळाला नाही. एखाद्या वस्तूच्या विक्रीत शांततेचा लाभ गृहीत धरला जात असेल, तर पैसा कोणाच्या हाती पडतो ही माहिती गोपनीय राहू शकत नाही. युद्धोत्तर प्रदेशात वाटणीचा संशय हेच भांडणाचे पहिले कारण ठरते.

टनांची मोजणी कशी होते, हे थोडे समजून घेतल्याशिवाय या वस्तूचे मूल्यमापन अपुरे राहील. प्रकल्प नसता तर किती जंगल तुटले असते, याचा अंदाज आधी बांधला जातो; त्याला आधाररेषा म्हणतात. प्रत्यक्षात तुटलेले जंगल त्यातून वजा करून बचत काढतात. इथे थांबवलेली तोड शेजारच्या जंगलात सरकली असेल तर तेवढी घट धरतात. उरलेल्या क्रेडिटपैकी काही भाग सामायिक राखीव साठ्यात ठेवावा लागतो. उद्या वणवा लागला किंवा जंगल तोडले गेले, तर भरपाई त्या साठ्यातून होते. हा राखीव भाग किती असावा, हे जोखमीवरून ठरते, आणि त्या जोखमीत देशाची राजकीय स्थितीही मोजली जाते. त्यासाठी जागतिक बँकेचे सुशासनाचे सहा निर्देशांक वापरतात: जनतेचा आवाज, राजकीय स्थैर्य, शासनाची कार्यक्षमता, नियमनाचा दर्जा, कायद्याचे राज्य आणि भ्रष्टाचारावरील नियंत्रण.

याचा सरळ परिणाम असा होतो की युद्धाची झळ बसलेल्या देशाला अधिक क्रेडिट राखीव ठेवावी लागतात आणि विकण्यासाठी कमी उरतात. विम्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. ज्या देशात सरकार कोलमडण्याची शक्यता अधिक, तिथले जंगल पुढची अनेक दशके टिकेल याची खात्री कमीच असणार. पण या हिशेबात अशांतता ही वजाबाकी म्हणून येते आणि शांतता कुठेही बेरीज म्हणून येत नाही. दोन गावांतला सीमेचा वाद मिटला, परत आलेल्या विस्थापितांना जमीन मिळाली, तरुणांना पगाराचे काम मिळाले, यांपैकी कशामुळेही क्रेडिटचा एक टनही वाढत नाही. गावांवर आणि जैवविविधतेवर होणाऱ्या परिणामांची तपासणी करणारे वेगळे मानक आहे, गोलाने तेही घेतलेले आहे, आणि काही खरेदीदार त्यासाठी थोडी अधिक किंमत मोजतात हे खरे. तरीही प्रकल्पातल्या माणसांनी शांततेसाठी जे काही केले असेल ते त्यांच्या सद्भावनेवर अवलंबून राहते; बाजार त्याचे पैसे देत नाही. म्हणून ‘शांततेचे क्रेडिट’ असे नाव कोणी दिले असेल, तर ते नाव वस्तूच्या घडणीत बसत नाही.

मग गोलात शांततेसाठी प्रत्यक्ष काय घडते? लाभवाटपाच्या करारानुसार जंगलाच्या जमिनीवर परंपरेने हक्क असलेल्या कुटुंबांना, चीफडमच्या विकासनिधीला आणि पारंपरिक प्रमुखांना वाटा मिळतो, मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात, आणि वनरक्षकांच्या नोकऱ्या याच भागातील लोकांना दिल्या जातात. जंगलाच्या कडेच्या गावांत सावलीतल्या कोकोच्या लागवडीला मदत होते. शेतकऱ्यांच्या संघटना बांधून त्यांचा कोको चांगल्या दराने बाहेर पाठवला जातो. मला यातली कोकोची बाजू सर्वांत भरवशाची वाटते. मोठ्या झाडांच्या सावलीत कोको लावायचा तर झाडे राखावी लागतात, पीक दरवर्षी येते, आणि मिळणारा पैसा कोणाच्या मर्जीने न येता शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालाचा असतो. कार्बनचा बाजार पडला तरी कोकोची झाडे जागेवरच राहतात.

वाटणीच्या रचनेबद्दल मात्र मला गंभीर चिंता आहे, आणि ती सिएरा लिओनच्या इतिहासातूनच निर्माण होते. युद्धाची कारणे शोधणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २००४ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात भ्रष्ट आणि मनमानी राज्यकारभारावर ठपका ठेवलेला आहेच, पण ग्रामीण भागात पारंपरिक प्रमुखांनी केलेल्या सत्तेच्या गैरवापराचीही नोंद आहे. जमिनीचे वाटप, स्थानिक न्यायनिवाडा, दंड आणि सक्तीची मजुरी हे सगळे थोड्या घराण्यांच्या हाती एकवटले होते. पॅरामाउंट चीफ ठरावीक राजघराण्यांतूनच निवडला जातो आणि तहहयात पदावर राहतो. ज्या तरुणाला गावात जमीन नाही, लग्नासाठी पैसे नाहीत आणि दंड भरायची ऐपत नाही, त्याच्यापुढे हिऱ्यांच्या खाणीत जाणे किंवा बंडखोरांत सामील होणे एवढेच मार्ग उरत, असे अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. आता कार्बनचा पैसा त्याच चीफडमच्या रचनेतून वाहतो. परंपरेने जमीन ज्यांच्या नावावर आहे त्या कुटुंबांना वाटा मिळतो; दुसऱ्या गावाहून येऊन पिढी-दोन पिढ्या राहिलेल्या कुटुंबांची ‘परके’ ही ओळख सहजासहजी पुसली जात नाही, आणि जमिनीचा वाटा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

यावर प्रकल्पाच्या बाजूने एक सबळ उत्तर आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. युद्धानंतरच्या सिएरा लिओनमध्ये चीफडमला वगळून काही उभारणे जवळजवळ अशक्य होते. केंद्र सरकारचा हात त्या जंगलापर्यंत पोहोचत नव्हता आणि गावांचा विश्वास असलेली दुसरी यंत्रणा नव्हती. सातही चीफडमशी बसून करार करणे हा त्या परिस्थितीत प्रामाणिक मार्ग होता, आणि राजधानी फ्रीटाउनमध्ये बसून एखाद्या मंत्रालयाशी परस्पर करार करण्यापेक्षा तो कितीतरी चांगला होता. शिवाय २०२२ मध्ये सिएरा लिओनने पारंपरिक जमीनहक्कांचा नवा कायदा केला. त्याने महिलांचे जमिनीवरील हक्क मान्य केले आणि कोणत्याही गुंतवणुकीआधी जमीनधारक समुदायांची माहितीपूर्ण संमती बंधनकारक केली. गोलाचे करार पुढे नव्याने होतील तेव्हा त्यांत महिला, तरुण आणि बाहेरून आलेली कुटुंबे यांचा वाटा नावानिशी लिहिला जावा, ही माझी या वस्तूच्या निर्मात्यांकडून सर्वांत मोठी अपेक्षा आहे.

परिणाम मोजण्याच्या बाबतीत गोलाची बाजू इतर बहुतेक प्रकल्पांपेक्षा वरचढ आहे. २०२४ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात या प्रकल्पाचे स्वतंत्र मूल्यमापन प्रसिद्ध झाले. उद्यानाच्या आसपासच्या, प्रकल्पात सामील झालेल्या गावांची तुलना प्रकल्पाबाहेरच्या गावांशी करण्यात आली. प्रकल्पाच्या गावांत जंगलतोडीचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. लोकांच्या आर्थिक स्थितीत मात्र फरक पडलेला आढळला नाही, ती सुधारली नाही आणि बिघडलीही नाही. जंगलसंरक्षणाबद्दलच्या त्यांच्या मतांतही बदल दिसला नाही. मी हा निष्कर्ष क्रेडिटच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही अंगांनी वाचतो. जंगल राखल्यामुळे गावे गरीब झाली नाहीत, ही फार मोठी गोष्ट आहे, कारण अनेक देशांत संरक्षणाच्या नावाखाली गावकऱ्यांचीच उपजीविका हिरावली गेली आहे. पण गावांचे जीवन चांगले झाले असा दावा विक्रेता करत असेल, तर या अभ्यासाचा त्याला पाठिंबा नाही, आणि ज्या शांततेला रोजीरोटीचा आधार हवा तिच्याबद्दलचा दावा तर त्याहूनही जपून करायला हवा.

बाजारात याच जातीची इतर क्रेडिटही आहेत. युद्धग्रस्त किंवा युद्धोत्तर देशांतील अशी क्रेडिट घेण्याचा विचार करणाऱ्यांनी त्यांचे अनुभवही पाहावेत. कंबोडियाच्या वायव्येकडील ओड्डार मीनचे प्रांत हा ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांच्या शेवटच्या ठाण्यांपैकी एक. तिथे १३ गावगटांच्या सामुदायिक वनांवर कार्बन प्रकल्प उभारला गेला, आणि त्यांतले एक वन बौद्ध भिक्षूंनी राखलेले होते. २००८ पासून प्रेह विहेअर मंदिराच्या परिसरावरून थायलंडशी तणाव वाढला, सीमेवर सैन्य आले आणि सैन्यासाठी जंगलाच्या जमिनी गेल्या. गावकऱ्यांकडे वनाचे कागद होते, पण गणवेशातल्या माणसांपुढे त्या कागदांचा उपयोग झाला नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात त्याच सीमेवर पुन्हा लढाई पेटली. तिथली क्रेडिट घेणाऱ्याने काय विकत घेतले, असा प्रश्न मला अजून पडतो. जंगलाची राखण करणारे लोक प्रामाणिक होते, पण ज्या जमिनीवर राज्य सैन्य उतरवू शकते तिथे पुढच्या तीस वर्षांची हमी गावाच्या बळावर देता येत नाही.

काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील माई-न्डोम्बे प्रांताचा अनुभव तर अंगावर काटा आणणारा आहे. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या वन-कार्बन निधीने या प्रांतासाठी ५.५ कोटी डॉलरपर्यंतचा करार केला. ठरावीक वर्षांत १.१ कोटी टन उत्सर्जनबचत झाली तर हा पैसा मिळणार होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रांतातील युम्बी भागात तीन दिवसांत किमान ५३५ माणसे मारली गेली, असे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत आढळले. निमित्त झाले एका पारंपरिक प्रमुखाच्या दफनाचे. बानुनू समाजाच्या प्रमुखाला कोणत्या जमिनीत पुरायचे, यावरून शेजारच्या बातेंदे समाजाशी वाद पेटला, म्हणजे वाद मुळात जमिनीचा आणि त्या जमिनीवरील अधिकाराचा होता. या हत्याकांडाचा कार्बन कराराशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पण जमीन कोणाची हा प्रश्न जिथे इतका धगधगता आहे, तिथे जंगलाच्या बचतीवर डॉलर वाटणारा करार त्या प्रश्नापासून अलिप्त राहू शकेल, असे समजणे चुकीचे आहे. पैसा आला की तो कोणत्या तरी एका समाजाच्या दाव्याला बळ देतोच, वाटणाऱ्याचा तसा हेतू असो वा नसो.

कोलंबियाची गोष्ट आणखी वेगळी आहे. सरकार आणि फार्क ही डावी बंडखोर संघटना यांच्यातील शांतताकरार २०१६ च्या अखेरीस झाला. त्यानंतर बंडखोरांनी सोडलेल्या जंगलात गुरेपालक, जमीन बळकावणारे आणि नवे सशस्त्र गट घुसले. त्या देशाच्या अधिकृत आकड्यांनुसार २०१६ मध्ये सुमारे १ लाख ७९ हजार हेक्टर जंगल तुटले होते, ते २०१७ मध्ये सुमारे २ लाख २० हजार हेक्टरवर गेले. बंदुका खाली ठेवल्या गेल्या आणि कुऱ्हाडी उठल्या, असा हा विचित्र योग होता. नेमक्या त्याच काळात तिथे कार्बन कर लागू झाला आणि कंपन्यांना कराऐवजी देशातील जंगलांची क्रेडिट घेण्याची मुभा मिळाली, त्यामुळे आदिवासींच्या जमिनींवर प्रकल्पांची रीघ लागली. २०२४ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने ॲमेझॉनमधील पिरा-पाराना भागातील प्रकल्पाच्या खटल्यात आदिवासींच्या स्वायत्ततेचा आणि त्यांच्या स्वशासनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निकाल दिला. प्रकल्पाच्या करारावर सही करणाऱ्या व्यक्तीला समाजाच्या वतीने सही करण्याचा अधिकार होता का, हा त्या खटल्यातला कळीचा मुद्दा होता. कोणत्याही वन-कार्बन क्रेडिटच्या कागदांत मी आता सर्वप्रथम हेच शोधतो: सही कोणाची आहे, आणि त्या माणसाला ती करण्याचा अधिकार कोणी दिला.

टनांच्या खरेपणाबद्दलही डोळे उघडे ठेवावेत. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा देशांतील २६ प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या देशांत कोलंबिया, काँगो आणि कंबोडिया हे तीनही होते. बहुतेक प्रकल्पांनी जंगलतोड लक्षणीयरीत्या कमी केलेली नव्हती आणि जिथे ती कमी झाली होती तिथेही दाव्याच्या मानाने घट फार थोडी होती, असा निष्कर्ष निघाला. फुगवलेल्या आधाररेषा हे त्याचे मुख्य कारण. त्या अभ्यासात सिएरा लिओन नव्हते, तरी सावधगिरीचा धडा गोलाच्या ग्राहकालाही लागू आहे. जंगलतोड ३० टक्क्यांनी घटली म्हणजे विकलेला प्रत्येक टन खरा, असे होत नाही. ती दोन वेगळी गणिते आहेत. म्हणून मी माझ्या विमानप्रवासाचा हिशेब या क्रेडिटमुळे चुकता झाला असे धरत नाही. हा पैसा मी एका जंगलाच्या राखणीसाठी दिलेला वर्गणीसारखा हिस्सा समजतो आणि प्रवास कमी करण्याची जबाबदारी माझ्याकडेच ठेवतो. कंपन्यांनी तर आपल्या वार्षिक अहवालात अशी क्रेडिट वजाबाकीच्या रकान्यात न दाखवता योगदान म्हणून स्वतंत्र दाखवावीत, असे माझे ठाम मत आहे.

गोलाच्या शेजारी लायबेरियात काय चालले आहे, याकडेही ग्राहकाने लक्ष द्यावे. २०२३ मध्ये दुबईच्या ब्लू कार्बन या कंपनीबरोबर सुमारे दहा लाख हेक्टर जंगलाचे कार्बन हक्क देण्याचा करार तिथे चर्चेत आला. हे क्षेत्र देशाच्या एकूण भूभागाच्या सुमारे दहा टक्के आहे. ज्या देशातले लाकूड वीस वर्षांपूर्वी युद्धाच्या कामी आले, तिथल्या गावांना विचारण्याआधीच त्यांच्या जंगलाचा सौदा होऊ शकतो, या शक्यतेने तिथल्या नागरी संघटनांनी आवाज उठवला, आणि तो योग्यच होता. एकाच वर्षावनाच्या दोन बाजूंना दोन तऱ्हेचे कार्बन करार राहिले, तर शांतता उद्यानाचा संकल्प कागदावरच राहील. सीमेपलीकडच्या गावाला कमी मिळाले, की इकडच्या गावाबद्दल कुरबुर सुरू होणारच.

तर, हे क्रेडिट घ्यावे का? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण अटींसह. संघर्षाची झळ बसलेल्या देशांतील ज्या मोजक्या वन-कार्बन प्रकल्पांची कागदपत्रे मी वाचली, त्यांत गोला मला सर्वांत विश्वासार्ह वाटला. जंगल सरकारी उद्यान म्हणून कायद्याने संरक्षित आहे, चालवणाऱ्या संस्था नफ्यासाठी काम करत नाहीत, त्यांचा तिथला वावर जुना आहे, चीफडमशी उघड करार आहेत आणि स्वतंत्र अभ्यासकांनी परिणाम तपासून, न आवडणारे निष्कर्षही प्रसिद्ध केले आहेत. जंगलासाठी पाचपैकी चार, ग्राहकाला मिळणाऱ्या माहितीसाठी दोन, आणि शांततेच्या दाव्यासाठी अडीच, असे गुण मी देईन. अडीच यासाठी की नियमित पगार, कोकोचे उत्पन्न आणि दर काही महिन्यांनी एकत्र बसून बोलण्याची सक्ती यांनी त्या भागात नक्कीच काही चांगले होत असणार. पण ज्यांच्या वंचनेतून युद्ध पेटले होते, त्या भूमिहीन तरुणांपर्यंत वाटा पोहोचल्याचा पुरावा अजून माझ्यासमोर आलेला नाही.

खरेदी करणाऱ्यांनी विक्रेत्याकडून पैसे भरण्याआधीच काही गोष्टी लेखी मागाव्यात. किमतीतला किती हिस्सा प्रकल्पापर्यंत जातो, हा आकडा मागावा, आणि तो मिळाला नाही तर दुसरा विक्रेता पाहावा. क्रेडिट बाद केल्याचा अनुक्रमांक प्रमाणपत्राबरोबरच मागून तो नोंदवहीत स्वतः पडताळावा. शक्यतो अलीकडच्या कालावधीची क्रेडिट घ्यावीत; फार जुनी क्रेडिट स्वस्त मिळतात, पण आज जंगल राखणाऱ्या वनरक्षकाचा पगार जुन्या साठ्याच्या फेरविक्रीतून निघत नाही. ज्या कंपन्या मोठ्या प्रमाणावर घेणार असतील त्यांनी एकरकमी खरेदीऐवजी पाच-सात वर्षांचा ठरावीक दराचा करार करावा, कारण कार्बनचे दर एका वर्षात निम्म्याने घसरू शकतात आणि उत्पन्न आटले की सर्वांत आधी गावांचे हप्ते थांबतात. युद्ध पाहिलेल्या गावात एकदा दिलेले वचन मोडणे हे वचन मुळीच न देण्यापेक्षा अधिक घातक असते. प्रकल्पाच्या केनेमा येथील कार्यालयातून चीफडमला जाणारी रक्कम दरवर्षी त्याच महिन्यात पोहोचेल याची तजवीज खरेदीदाराच्या करारानेच करता येते, आणि तशी अट घालणाऱ्या खरेदीदाराला प्रकल्पाने थोडी सवलत द्यायलाही हरकत नाही.